मगावरचे मुंगूस

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये बडोद्याच्या नावाची एक लढाऊ स्क्वाड्रन होती: १२४ (बडोदा) स्क्वाड्रन. तिच्या बिल्ल्यावर चालत निघालेले मुंगूस आहे आणि ब्रीदाचा अर्थ असा, की संकट हीच आमची संधी. स्क्वाड्रनच्या बिल्ल्यांचे कॉफीमग विलायतेत सर्रास विकले जातात. मुंगसाचा मग मात्र सुरतेत छापला जावा असे मला मनापासून वाटते.

बडोद्याच्या गायकवाड राजघराण्याचे पहिले ठाणे सोनगड, सुरतेच्या पूर्वेला. नवसारी, व्यारा हा सारा मुलूख १९४९ पर्यंत बडोदा संस्थानात होता. १९३९ मध्ये महाराज सयाजीराव गेले, नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि त्याच वर्षी युद्ध पेटले. ब्रिटनने विमानांसाठी देणग्या मागितल्या. एका स्पिटफायरची किंमत देणगीदारांसाठी ५,००० पौंड ठरवली होती, प्रत्यक्ष खर्च त्याहून बराच जास्त. मोठी रक्कम देणाऱ्याचे नाव अख्ख्या स्क्वाड्रनला मिळे. हैदराबाद, म्हैसूर आणि बडोदा ही नावे अशीच लागली. संस्थानचा खजिना भरे तो शेतसाऱ्यावर. म्हणून या मुंगसात नवसारी-व्याऱ्याच्या कुणब्याचाही वाटा आहे, असे मी मानतो.

१० मे १९४१ रोजी स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, कॅसलटाउन येथे ही स्क्वाड्रन स्पिटफायर विमानांवर उभी राहिली. १९४५ च्या सुरुवातीला तिने हॉलंडमधील व्ही-२ रॉकेटांच्या तळांवर सूर मारून बाँब टाकले. ही रॉकेटे लंडनवर येत, आवाजाच्याही पुढे धावत, त्यामुळे भोंगा वाजवून लोकांना सावध करणे शक्य नव्हते. उडण्याआधी जमिनीवरच गाठणे एवढाच उपाय. युद्ध संपताना मिटिऑर जेट आली आणि १ एप्रिल १९४६ रोजी या तुकडीला ५६ हा क्रमांक देण्यात आला. बडोद्याचे नाव तिथेच पुसले गेले.

आता सुरत. उधना, लिंबायतमधली कितीतरी खानदेशी घरे ज्या कापडधंद्यावर चालतात, त्यातल्या पॉलिएस्टरच्या साडीवर फुले उमटवणारा रंगच मगावर चित्र उमटवतो. चिनी माती हा रंग धरत नाही. म्हणून पांढऱ्या मगावर आधी पॉलिएस्टरसारखा पातळ लेप देतात. कागदावर चित्र उलटे छापून तो मगाभोवती घट्ट गुंडाळायचा आणि १८० ते २०० अंशांच्या आसपास काही मिनिटे दाबून ठेवायचा. रंग वितळत नाही, थेट वाफ होऊन लेपात शिरतो. यात पांढरी शाई नसते, पांढरे जे दिसते ते मगाचे अंग. म्हणून गडद मगावर ही छपाई बसत नाही.

लेप मात्र तारेच्या घासणीने खरवडला जातो आणि चित्रही त्याच्यासोबत जाते. टिकाऊ काम हवे असेल तर खनिज रंगांचा डेकल, म्हणजे छापील चित्राचा पातळ थर, चिकटवून तो मग पुन्हा भट्टीत घालतात. सुमारे ८०० अंशांवर रंग झिलईत मुरतो. स्मृतिचिन्हासाठी मी हीच पद्धत निवडेन, महाग पडली तरी.

कारागिराला एक सांगा: मागच्या बाजूला ‘१२४ बडोदा, १९४१–१९४६’ एवढे देवनागरीत छापायला विसरू नका.