सुरांची यंत्रे (लेखांक ९) : गिटारवाचून रॉक

गेल्या आठवड्यात पायपेटीचा भाता पाहिला. आज तारेकडे वळू, पण पट्ट्यांच्या वाटेने.

इंग्लंडच्या ‘कीन’ या बँडचा गिटारवादक २००१ मध्ये बाहेर पडला. उरलेल्या तिघांनी दुसरा शोधलाच नाही. मे २००४ मध्ये त्यांचा पहिला अल्बम ‘होप्स अँड फिअर्स’ आला तो पियानो, ड्रम आणि गळा यांच्या जोरावर. २००६ च्या दुसऱ्या अल्बमात तर टिम राइस-ऑक्सलीचा पियानो इफेक्ट पेडलमधून असा फिरवलाय, की ऐकणारा गिटारच समजतो. त्याचे लाडके वाद्य यामाहाचा सीपी-७०. विजेचा पियानो खरा, पण आत अस्सल तारा, त्यांवर पडणाऱ्या हातोड्या आणि कंप टिपणारे पिकअप.

भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला याचे फार नवल वाटू नये. वरातीत वाजणारा आपला बँजो याच जातीचा. अमेरिकेतल्या बँजोशी त्याचे नाते नाही. त्याचा पूर्वज जपानी ताइशोगोतो. नागोयाच्या मोरिता गोरो यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारखी बटणे तारांवर बसवून तो घडवला. तोच आपल्याकडे बुलबुलतरंग झाला, पुढे त्याला पिकअप लागला आणि तो रस्त्यावर उतरला. डाव्या हाताने बटण दाबले की तार तेवढ्या जागी अडते, उजव्या हातातली नखी ती छेडते. म्हणजे बोटे पट्ट्यांवर, पण आघात तारेवर. ढोल-ताशाच्या गदारोळातही बँजोचा ठोका वेगळा ऐकू येतो तो या नखीमुळे.

आणि बँजोच्या कर्ण्यातून येणारी ती खरखर? अॅम्प्लिफायरला पेलवेल त्याहून जास्त आवाज दिला की ध्वनिलहरीचे शेंडे छाटले जातात आणि मूळ सुरात नसलेले वरचे उपस्वर उमटतात. एकाच सुराला त्याने धार येते. मात्र तीन-चार सूर एकदम वाजवले तर प्रत्येक जोडीतून आणखी नको ते सूर निघतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून रॉकचे गिटारवाले बहुधा सा-पवर भागवतात. बँजोवाला एका वेळी एकच चाल वाजवतो, त्यामुळे कर्णा कितीही फाटका असो, गाणे ओळखू येते. पियानोवाल्याची पंचाईत मोठी. दहा बोटे मोकळी असतात आणि त्यांना आवरावे लागते.

मींड मात्र या पट्ट्यांच्या वाद्यांतून सहज निघत नाही. ‘कीन’ने ते काम टॉम चॅप्लिनच्या गळ्यावर सोपवले. बँजोवाले चपळ छेडींनी वेळ मारून नेतात, आणि माझ्या मते त्यातच खरी गंमत आहे. डीजेच्या भिंतीपुढे अलीकडे ती ऐकायला मिळणे दुर्मिळ झाले, हे वेगळे.

कॅसिओने मींडेसाठी डाव्या हाताशी एक चाक दिले. त्याबद्दल पुढच्या लेखात.