शंभर वर्षांचे यंत्र आणि पाच हजार किलोमीटरची वाट

रे रोड स्थानकाच्या पूर्वेस दारूखाना आणि पश्चिमेस घोडपदेव. एका बाजूस मोडीत निघालेल्या जहाजांचे लोखंड, तर दुसऱ्या बाजूस चाळी, गोदामे आणि लहानमोठे कारखाने. गिरण्यांचे भोंगे केव्हाच थांबले. न्यू हिंद मिलच्या जागेवर गिरणी कामगारांसाठी म्हाडाच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. तरीही या परिसरात लेथवर काम करणारा टर्नर आणि हातात कानस धरणारा फिटर अद्याप भेटतो. ज्या घरात आजोबांची बुलेट किंवा जावा वर्षानुवर्षे जिन्याखाली उभी आहे, त्या घराला अशा कारागिरांचे मोल चांगले ठाऊक असते. बाजारात न मिळणारा पितळी बुश करून घेणे, आटे गेलेल्या भोकात नवे आटे पाडणे, झिजलेल्या सिलिंडरला रिबोर करणे, ही कामे आजही माणसाच्या हातानेच होतात.

अशी गाडी सुरू करून रविवारी सकाळी मरीन ड्राइव्हपर्यंत फिरवून आणणे वेगळे आणि तीच गाडी सलग पंधरा-सोळा दिवस, रोज तीनशे किलोमीटर चालवणे वेगळे. पहिल्यात हौस पुरते. दुसऱ्यात यंत्राचे ज्ञान, शरीराची सहनशक्ती आणि स्वभावातील शिस्त या तिन्हींची कसोटी लागते. जगात ही कसोटी प्रत्यक्ष घेतली जाते. तिचे नाव ‘मोटरसायकल कॅननबॉल’.

कॅननबॉल म्हणजे काय?

अमेरिकेत अर्विन बेकर नावाचा एक विलक्षण मोटरसायकलस्वार होऊन गेला. १९१४ साली त्याने ‘इंडियन’ या अमेरिकी बनावटीच्या मोटरसायकलवरून पश्चिम किनाऱ्यावरील सॅन दिएगो ते पूर्वेकडील न्यूयॉर्क हे अंतर सुमारे साडेअकरा दिवसांत कापले. त्या काळी त्या वाटेवरील बहुतांश रस्ते कच्चे होते. पुढे ‘कॅननबॉल’, म्हणजे तोफेचा गोळा, हे त्याचे टोपणनाव झाले. त्याच्याच स्मरणार्थ लॉनी आयसम या जुन्या मोटरसायकलींच्या जाणकाराने २०१० साली या प्रवासाचा आरंभ केला. पहिल्या वर्षी १९१६ पूर्वीच्याच मोटरसायकलींना प्रवेश होता. अटलांटिक किनाऱ्यावरील किटी हॉक येथून निघून पॅसिफिक किनाऱ्यावरील सांता मोनिका गाठायचे होते. अंतर सुमारे ३,३०० मैल, म्हणजे पाच हजार तीनशे किलोमीटरच्या आसपास.

किटी हॉक हे नाव वाचकांना परिचित असेल. १९०३ साली राइट बंधूंनी आपले विमान तिथेच उडवले. या प्रवासात उतरलेल्या काही मोटरसायकली त्या घटनेनंतर अवघ्या दहा-बारा वर्षांत कारखान्याबाहेर पडल्या होत्या.

ही वेगाची शर्यत नव्हे. स्वाराने ठरलेल्या मार्गाचे जितके मैल ठरलेल्या वेळेत पूर्ण केले, तितके गुण त्याच्या खात्यावर जमा होतात. इंजिनाच्या क्षमतेनुसार गाड्यांचे वर्ग पाडलेले असतात. दोघांचे गुण समसमान झाल्यास लहान इंजिनाच्या आणि अधिक जुन्या गाडीला झुकते माप मिळते. दिवसाचा मार्ग कागदावर छापून हाती दिला जातो आणि तो वाचतच पुढे जायचे असते. मदतीचे वाहन मागे-पुढे ठेवता येत नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर खिशातील हत्यारे, जवळचे सुटे भाग आणि डोक्यातील अक्कल एवढ्यावरच निभावावे लागते. ब्रॅड विल्मार्थ या स्वाराने १९१३ सालच्या ‘एक्सेलसियर’ मोटरसायकलवर २०१० आणि २०१२ अशी दोन्ही वर्षे पहिला क्रमांक मिळवला. मैलांचा जमाखर्च शेवटच्या दिवसापर्यंत बिनचूक ठेवणे हेच त्या यशाचे मर्म.

यंत्राचा स्वभाव

शंभर वर्षांपूर्वीची मोटरसायकल आजच्या गाडीपेक्षा सायकलला अधिक जवळची होती. त्या काळच्या अनेक गाड्यांना गिअर नसत. काहींना क्लचही नसे. इंजिनाची शक्ती मागच्या चाकाकडे नेण्यासाठी कित्येक गाड्यांत चामड्याचा पट्टा वापरलेला असे आणि पाऊस पडला की तो घसरू लागे. पुढच्या चाकाला ब्रेक नसणे ही तर सर्रास गोष्ट होती. रात्रीच्या उजेडासाठी कार्बाइडचा दिवा असे. कार्बाइडवर पाणी ठिबकले की वायू तयार होई आणि त्यावर ज्योत पेटे. वरातीत आणि जत्रेत आपल्याकडे पूर्वी पेटत तोच हा दिवा.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे वंगण. आजच्या इंजिनात ऑइल पंपाने फिरते आणि पुन्हा टाकीत येते. त्या इंजिनांत मात्र एकदा आत गेलेले ऑइल जळून किंवा गळून जाई. म्हणून स्वाराने ठरावीक अंतराने हातपंपाने नवे ऑइल सोडायचे. कमी सोडले तर पिस्टन जाम होतो. जास्त सोडले तर प्लग काजळतो आणि गाडी बंद पडते. चढावर थोडे जास्त, सपाटीवर थोडे कमी, हा अंदाज केवळ कानाने आणि धुराच्या रंगावरून बांधायचा. गाडी चालवणारा आणि गाडी सांभाळणारा अशी दोन माणसे त्या काळी वेगळी करताच येत नसत.

म्हणूनच या प्रवासातील खरे काम मुक्कामाच्या ठिकाणी संध्याकाळी सुरू होते. स्वार हॉटेलच्या आवारात चटया अंथरतात आणि रात्री उशिरापर्यंत दुरुस्ती चालते. चाकांच्या ताऱ्या हाताने तपासल्या जातात. सैल तार नुसत्या आवाजावरून ओळखू येते. प्लग काढून त्याचा रंग पाहतात. तपकिरी असेल तर इंजिन निरोगी, पांढुरका असेल तर पेट्रोल कमी मिळते आहे, काळा ठिक्कर असेल तर जास्त जाते आहे. प्रत्येक नट पुन्हा आवळला जातो, कारण जुन्या इंजिनाची थरथर दिवसभरात अर्धी गाडी सैल करून टाकते. ज्याने हे काम कंटाळा करून एका रात्री टाळले, त्याला दुसऱ्या दिवशी रस्त्याकडेला बसून त्याची किंमत मोजावी लागते.

आपल्या घरातील जुनी गाडी

एवढ्या जुन्या मोटरसायकली आपल्याकडे क्वचितच दिसतात. मुंबईत जुन्या वाहनांची रॅली निघते, तेव्हा काही मोजक्या पाहायला मिळतात. सर्वसामान्य मराठी किंवा गुजराती घरात असते ती बहुधा एनफिल्ड बुलेट किंवा जावा. १९५५ साली मद्रासमध्ये बुलेटची जुळणी सुरू झाली. पुढे इंग्लंडमधील मूळ कारखाना बंद झाला तरी येथील उत्पादन चालूच राहिले. जावा मूळची चेकोस्लोव्हाकियाची. इराणी कुटुंबाने म्हैसूर येथे ‘आयडियल जावा’ कारखाना काढला आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी ती गाडी भारतात बनू लागली. पुढे तीच ‘येझदी’ या नावाने विकली गेली. १९९६ साली कारखान्याला टाळे लागले. किक मारायचा दांडा खाली वळवून त्यानेच गिअर टाकायचा, ही जावाची खूण आजही साठीतल्या मंडळींच्या पायांना आठवते.

या गाड्यांवर मुंबईहून कोल्हापूरपर्यंतचा पल्ला मारायचा झाला, तरी कॅननबॉलचेच नियम लहान प्रमाणात लागू होतात. दुचाकींना द्रुतगती महामार्गावर प्रवेश नसल्याने पनवेल, खोपोली, खंडाळा हा जुना मार्गच धरावा लागतो. बोरघाटाच्या चढणीवर इंजिनाची खरी परीक्षा होते. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला वेग कमी झाला की वारा मिळत नाही आणि उष्णता वाढत जाते. घाटात शिंग्रोबाच्या देवळाजवळ थांबून नाणे वाहण्याची वाहनचालकांची जुनी प्रथा आहे. धनगर शिंग्रोबाने इंग्रजांना घाटातली वाट दाखवली, अशी कथा सांगतात. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याचा, पण त्या दहा मिनिटांच्या विसाव्याने तापलेल्या इंजिनाचे आयुष्य नक्कीच वाढते.

उतारावरची काळजी आणखी निराळी. जुन्या ड्रम ब्रेकवर सतत भार दिला तर ते तापून धरेनासे होतात. म्हणून चढताना जो गिअर, तोच उतरताना ठेवावा. जावासारख्या टू-स्ट्रोक गाडीत ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. लांब उतारावर अॅक्सिलरेटर पूर्ण बंद ठेवला, तर पेट्रोलबरोबर वंगणही बंद होते आणि पिस्टन कोरडा फिरत राहतो. मधूनमधून क्षणभर अॅक्सिलरेटर उघडावा, हे जुने मिस्त्री आवर्जून सांगत. आजच्या पिढीला ते कोणी सांगितलेले नसते.

नवी अडचण आहे इथेनॉलची. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता सर्वत्र मिळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते आणि जुन्या रबरी नळ्या व वॉशर त्यामुळे खराब होतात. गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करावेत आणि जुन्या नळ्या बदलून घ्याव्यात. सोबत एक क्लच केबल, एक अॅक्सिलरेटर केबल, दोन प्लग, पॉइंट, कंडेन्सर, चेनची एक जोडकडी, ट्यूब, थोडी तार आणि पाने एवढे असले की बहुतेक संकटे रस्त्यातच निवारता येतात.

कायदा आणि वारसा

पन्नास वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या वाहनांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे. पण अशी नोंदणी घेतलेले वाहन रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, जुन्या वाहनांची रॅली, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्याच कारणांसाठी ते बाहेर काढता येते. म्हणून घरातील गाडीची नेहमीची नोंदणी मुदतीत नूतनीकरण करून चालू ठेवायची की हा नवा प्रकार स्वीकारायचा, याचा निर्णय कुटुंबाने विचारपूर्वक करावा. एकट्याने कोल्हापूरला जाण्याची इच्छा असेल तर दुसरा पर्याय उपयोगी पडणार नाही.

हिशेबाच्या वहीत अशा गाडीचे मूल्य घसारा वजा जाता केव्हाच शून्य झालेले असते. पण ती चालती ठेवण्याची विद्या कोणत्याही वहीत नोंदलेली नाही. ती काही वयस्क कारागिरांच्या हातांत आहे. घोडपदेवसारख्या भागातील जागांचे भाव वाढत आहेत, कारखाने दूर जात आहेत आणि कारागिरांची मुले दुसऱ्या व्यवसायांत शिरली आहेत. सुटा भाग उद्या कदाचित परदेशातून मागवता येईल. तो बसवताना किती आवळायचा आणि कुठे थांबायचे, हे मात्र मागवता येणार नाही.

त्यावर उपाय साधा आहे. गाडी मिस्त्रीकडे सोडून घरी येण्याऐवजी मुलाला किंवा मुलीला दिवसभर तिथे बसवावे. जे काम होईल ते तारखेसह एका वहीत लिहून ठेवावे. कोणता बुश कोणत्या मापाचा केला, पॉइंटमध्ये किती अंतर ठेवले, किती किलोमीटरनंतर ऑइल बदलले. दहा वर्षांनी ती वही गाडीइतकीच मोलाची ठरेल. मग एखाद्या पहाटे नातवाने किक मारली आणि तिसऱ्या किकेला इंजिन बोलू लागले, तर पनवेलच्या पुढची वाट आपोआप दिसू लागेल.