माठातले पाणी गार का होते?

वैशाखात सावरगावी घरोघरी माठ मांडले जातात. कारण विचारले, तर वर्गातली मुले म्हणतात, "गुरुजी, मातीतच गारवा असतो." तसे नाही. माठाच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते व कोरड्या वाऱ्याने त्याची वाफ होते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे 580 कॅलरी उष्णता लागते; ती बहुतांशी माठातूनच घेतली जाते. पितळी घागर पाझरत नाही, म्हणून तिच्यात हे घडत नाही. मुंबईच्या दमट हवेत तर माठही मंदावतो.

घामाचेही असेच. कोंदट दिवशी तो वाळत नाही, अंग तापत राहते. ऊन लागून कोणी भोवळून पडल्यास दवाखान्यात नेईपर्यंत अंग सतत ओले ठेवून जोराने वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये.