पक्षाघातात स्कॅनवरून काय कळते?

पक्षाघाताचा रुग्ण दवाखान्यात पोचला की औषधाआधी त्याला सीटी स्कॅनला नेतात. नातेवाइकांना हा उशीर वाटतो. पण रक्तवाहिनी तुंबली आहे की फुटली आहे, हे वरून कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तुंबलेल्याला तारते, तेच फुटलेल्याच्या जिवावर बेतू शकते. ताजा रक्तस्राव साध्या सीटीत पांढरा दिसतो.

गफलत होते ती इथेच. रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला की आपण निर्धास्त होतो. गुठळीने रक्त अडल्यावर सुरुवातीचे काही तास सीटी बऱ्याचदा स्वच्छच दिसतो! तोंड वाकडे, हात लुळा असेल, तर या ‘नॉर्मल’चा अर्थ रक्तस्राव नाही, एवढाच. डॉक्टर मग पुसट खुणा शोधतात. मेंदूच्या मधल्या धमनीच्या प्रदेशाचे १० भाग धरायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कापायचा. या मोजणीला ‘अ‍ॅस्पेक्ट्स’ म्हणतात.

पुढे शिरेतून डाय देऊन अँजिओग्राफी होते. मोठी धमनी बंद असेल तर नुसते इंजेक्शन अनेकदा पुरे पडत नाही. बहुधा जांघेतून नळी घालून गुठळी ओढून काढतात. ही थ्रॉम्बेक्टॉमी. शेजारच्या बारीक वाहिन्या आडवाटेने रक्त पोचवत असतील, तर गुण येण्याची आशा वाढते.

सहा तास उलटून गेले असतील तर परफ्युजन स्कॅन, म्हणजे मेंदूत रक्त कुठे किती पोचते याचा नकाशा, फार कामाचा. प्रचलित सॉफ्टवेअरमध्ये गुलाबी दिसतो तो गाभा, बहुधा कायमचा गेलेला भाग. त्याभोवतीचा हिरवा भाग, म्हणजे पेनंब्रा, रक्ताविना तग धरून असतो. २०१८ च्या ‘डिफ्यूज ३’ चाचणीत गाभा ७० मिलिलिटरपेक्षा लहान आणि रक्त कमी पडलेला एकूण भाग त्याच्या किमान १.८ पट असलेले रुग्ण घेतले होते. सहा ते सोळा तासांदरम्यान गुठळी काढलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्ण ९० दिवसांनी स्वावलंबी होते. नुसत्या औषधांवर १७ टक्के.

हा नकाशा फसवूही शकतो. रुग्ण हलला, हृदय अशक्त असले, मानेतली धमनी आधीच अरुंद असली, तर रंग चुकीचे उमटतात. म्हणून जुना हृदयविकार डॉक्टरांना आपणहून सांगावा. रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला, तेही सांगावे. झोपेतून उठताना त्रास लक्षात आला असेल, तर ‘सकाळी सहाला झाला’ म्हणू नये. ‘रात्री दहाला ठीक होते’ म्हणावे.

गाभा मोठा दिसला म्हणून लगेच हात टेकायचे का? माझ्या मते नाही. २०२२ मध्ये जपानमधल्या एका चाचणीत अ‍ॅस्पेक्ट्स फक्त ३ ते ५ असलेले रुग्ण होते. गुठळी काढल्यावर त्यांतले ३१ टक्के निदान आधाराशिवाय चालण्याइतके सुधारले, औषधांवरचे सुमारे १३ टक्के. तेव्हा दवाखान्यात ही सोय नसेल, तर जिथे आहे तिथल्या डॉक्टरांना स्कॅन लगेच पाठवता येईल का, हे विचारावे. हलवायचे ठरल्यास स्कॅनची सीडी सोबत घ्यावी, पण तिच्यासाठी अ‍ॅम्ब्युलन्स खोळंबवू नये.