कार्डातले फोटो संगणकावर घेताना ‘कट’ नको, ‘कॉपी’च का?

लग्न, मुंज, बारसे यांचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्यामुळे मेमरी कार्ड संगणकाला जोडल्यावर पाच-दहा मिनिटे जास्त गेली तरी चालतील, घाई नको.

केबल की कार्ड रीडर?

केबलने काम होते, पण मध्येच कॅमेऱ्याची बॅटरी संपली तर जोडणी तुटते. कार्ड रीडरला ती अडचण नाही. कार्ड पेन ड्राइव्हसारखे उघडते. रीडर मात्र जुना नको. यूएसबी २.० चा कमाल वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. यूएचएस-१ प्रकारच्या कार्डाची मर्यादा १०४ मेगाबाइट आहे. महागडे कार्ड जुन्या रीडरमध्ये घातले की त्याचा वेग वायाच जातो.

एकाच नावाचे दोन फोटो कसे?

कार्डावर ‘डीसीआयएम’ नावाचे फोल्डर असते, फोटो त्यात सापडतात. फाइलच्या नावातले आकडे ९९९९ पर्यंत जातात आणि पुन्हा ०००१ पासून सुरू होतात. त्यामुळे यंदाच्या सहलीतला फोटो आणि दोन वर्षांपूर्वीचा फोटो यांचे नाव एकच असू शकते. दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकताना ‘रिप्लेस’ दाबले, तर जुना फोटो गेला. म्हणून प्रत्येक वेळी नवे फोल्डर करा. नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहिला, की फोल्डर आपोआप क्रमाने लागतात.

‘कट’मध्ये धोका काय?

‘कट’ केल्यावर संगणक आधी प्रत करतो आणि मग कार्डावरची मूळ फाइल पुसतो. ती प्रत खराब निघाली तर हाती काहीच उरत नाही. ‘कॉपी’ केल्यास मूळ फाइल जागेवर राहते. नंतर दोन्हीकडची फाइलसंख्या आणि एकूण आकार ताडून पाहा. काही फोटो पूर्ण आकारात उघडा. छोट्या चित्रावर विसंबू नका. ते बहुधा फाइलमध्येच वेगळे साठवलेले असते, त्यामुळे खालचा अर्धा फोटो करडा झालेला असला तरी ते स्वच्छ दिसू शकते. मग दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. कार्ड त्यानंतरच, आणि तेही कॅमेऱ्यातूनच, फॉरमॅट करा. ‘सेफली रिमूव्ह’ न करता कार्ड उपसण्याची सवय अनेकांना असते. ती सोडलेली बरी.

चुकून पुसले गेले तर?

त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. फाइल पुसल्यावर आधी तिची नोंद जाते. मजकूर बहुधा त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच असतो. एसडी कार्डाच्या कडेची छोटी कळ ‘लॉक’कडे सरकवा. संगणकाने ‘फॉरमॅट करायचे का?’ असे विचारले तर नकार द्या. ‘फोटोरेक’सारख्या मोफत सॉफ्टवेअरने बरेचदा फोटो परत मिळतात. ते साठवायचे संगणकावर. त्याच कार्डावर अजिबात नाही.