ट्रेनिंगला गेलं की मार्क जातात?

सातारा-सांगलीकडच्या घरांत हॉटेल मॅनेजमेंटचं पोर ट्रेनिंगला निघालं, की कुणीतरी म्हणतंच, "आता अभ्यास बुडाला." बुडत नाही, कारण ट्रेनिंग हा अभ्यासक्रमाचाच भाग आहे. किचन, सर्व्हिस, फ्रंट ऑफिस, हाउसकीपिंग या चारही खात्यांत फिरायचं, रोज लॉगबुक लिहायचं. हॉटेलचा शेरा, अहवाल, सादरीकरण, सगळं मूल्यमापनात धरलं जातं.

उलट टोकाचा समज असा, की ट्रेनिंग केलं म्हणजे मार्क आपसूक वाढतात. त्याला थोडा आधार आहे. ब्रिटनमध्ये 15,732 विद्यार्थ्यांच्या निकालांचा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. इंटर्नशिप केलेल्यांची शेवटच्या वर्षाची सरासरी 3.3 टक्क्यांनी जास्त निघाली. पण तिथे गेलेले आणि न गेलेले अशी तुलना करता आली. आपल्याकडे हॉटेल मॅनेजमेंटला ट्रेनिंग सक्तीचं, सगळेच जातात. मग 'गेला का' हा प्रश्नच उरत नाही, 'तिथे काय केलं' एवढाच उरतो. महिनाभर नुसते बटाटे सोललेल्याला परीक्षेत काही आठवणार नाही. तेच बटाटे सोलण्याआधी आणि सोलल्यावर तोलले, वाया गेलेला भाग लिहून ठेवला, तर यील्ड (म्हणजे वापरण्याजोगा उरलेला भाग) आणि फूड कॉस्टचा अख्खा धडा हातात येतो. मार्कांचा फरक पडतो तो इथे.

आणि पंचतारांकितचा हट्ट! कॉलेजची तशी अट असेल तर इलाज नाही. पण मोठ्या हॉटेलात पोरगं दोन महिने बँक्वेटच्या प्लेटा पुसत राहू शकतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या मध्यम हॉटेलात मात्र बुकिंगपासून खोली लावण्यापर्यंत सगळं एकाच मजल्यावर दिसतं. अर्थात एप्रिल-मेच्या सीझनला तिथेही ट्रेनी म्हणजे स्वस्तातला हात. ब्रेक शिफ्ट, म्हणजे मध्ये खंड पडून दोन तुकड्यांतली ड्युटी, करून आलेला मुलगा लॉगबुक उघडण्याआधीच झोपतो. पावसाळ्यातल्या आडवारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा शेफलाही शिकवायला सवड मिळते.

स्टायपेंडवरून हॉटेल निवडू नये. चार खात्यांचं वेळापत्रक लेखी मिळतंय का, हे आधी विचारावं. एकाच खात्यात अडकवलं तर कॉलेजच्या ट्रेनिंग-प्लेसमेंटवाल्या सरांना दुसऱ्याच आठवड्यात फोन करावा. अहवाल लिहायला बसल्यावर तक्रार केली, तर हुकलेलं खातं काही परत मिळत नाही.