दरेकशाची दरी पायी पाहताना

हावड्याकडे जाणाऱ्या गाडीने आमगाव आणि सालेकसा मागे टाकले की भाताच्या बांध्या विरळ होतात आणि डोंगर रुळांच्या दोन्ही अंगांनी जवळ सरकू लागतात. दरेकसा येते, आणि त्यापुढचे बोरतलाव छत्तीसगडमध्ये. गोंदिया जिल्ह्याचे हे पूर्वेकडचे टोक गाडीतून काही मिनिटांत निसटून जाते. पण दहा-बारा जणांनी सकाळी दरेकशाला उतरावे, हाजरा धबधबा पाहून धनेगावकडे वळावे, कचारगडची गुहा चढावी आणि उन्हे कलायच्या आत परतावे, ही एका दिवसाची भटकंती विदर्भातल्या कुठल्याही गिर्यारोहणाइतकी मोलाची आहे.

पाण्यापासून सुरुवात करू. या उतारांवरचे नाले वाघ नदीला मिळतात, वाघ वैनगंगेला, आणि पुढे प्राणहितेतून ते पाणी गोदावरीत जाते. वाघ प्रकल्पाची शिरपूर, पुजारीटोला आणि कालीसराड ही धरणे याच खोऱ्यातली आहेत. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशा दोन राज्यांची धानशेती त्यांच्यावर उभी आहे. हाजरा पाहायचा तर पाऊस ओसरल्यावरचे दिवस उत्तम. उन्हाळ्यात तिथे फार काही उरत नाही.

दगड मात्र बारा महिने पाहण्याजोगा. सालेकशाच्या या टापूतल्या ज्वालामुखीजन्य खडकाला भूवैज्ञानिक ‘बिजली ऱ्हायोलाइट’ म्हणतात. वय दोन अब्ज वर्षांहून जास्त. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्यापुढे हा किती जुना, ते हातात धरून पाहिल्याशिवाय मनाला पटत नाही. इथून उत्तरेला मँगनीजचा पट्टा आहे. नागपूरपासून तुमसरवरून बालाघाटपर्यंत तो गेला आहे आणि त्यातल्या चिखला, डोंगरी बुजुर्ग, भरवेली या खाणी आजही चालू आहेत. एल. एल. फर्मोर या भूवैज्ञानिकाने 1909 साली या धातूवर मोठा ग्रंथ लिहिला आणि मँगनीजसोबत सापडणाऱ्या एका खडकाला गोंडांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. ते जगभर रूढ झाले.

तरी या वाटेवर मला सगळ्यात जास्त बोलावेसे वाटते ते लोखंडाबद्दल. मँगनीजच्या खाणी विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाल्या. पूर्व विदर्भ आणि लगतच्या बालाघाट-मंडल्याच्या रानात लोखंड त्याच्या कितीतरी आधीपासून निघत होते. खाण म्हणजे उथळ खड्डा. खणलेला दगड फोडायचा, मातीच्या छोट्या भट्टीत साल किंवा तशाच कठीण लाकडाच्या कोळशासोबत थरांनी भरायचा आणि कातड्याचे भाते पायांनी दाबत काही तास वारा द्यायचा. लोखंड वितळून वाहत नसे. तळाशी सच्छिद्र गोळा साचे. तो तापता असतानाच ठोकून त्यातली मळी काढायची आणि फाळ, कुऱ्हाडी, विळे घडवायचे. हे काम करणाऱ्या अगरिया जमातीवर व्हेरिअर एल्विन यांनी 1942 साली स्वतंत्र पुस्तक लिहिले, तेव्हा बहुतेक भट्ट्या विझत आल्या होत्या.

त्या विझण्याचे एक कारण या दरीतूनच धावते. 1880च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वे इथून राजनांदगावला पोहोचली. पुढे बंगाल-नागपूर कंपनीने ती रुंद केली आणि 1891 साली मुख्य मार्ग थेट आसनसोलपर्यंत जोडला. रेल्वेच्या जाळ्याने विलायती लोखंड बाजाराच्या गावापर्यंत स्वस्तात पोहोचू लागले. त्याच सुमारास, 1878च्या वन कायद्यानंतर, राखीव रानातून कोळशासाठी लाकूड तोडणे अवघड झाले. भट्टीवर कर होता तो वेगळाच. कसब जसेच्या तसे होते. त्याला लागणारे रान आणि गिऱ्हाईक, दोन्ही हातचे गेले. दरेकशाजवळच्या बोगद्याकडे पाहताना मला हा हिशेब विसरता येत नाही.

कचारगडची वाट धनेगावातून चढते. गोंडी परंपरेनुसार माता काली कंकालीची 33 मुले या गुहेत कोंडली गेली होती. हिरासुका पाटालीर याने किंगरी वाजवून त्यांच्यात बळ आणले, दारावरची शिळा सरकली, पण ती त्याच्याच अंगावर आली. जंगो रायताडने मुलांना मायेने सांभाळले आणि पारी कुपार लिंगोने त्यांना कोया पुनेम या गोंडी धर्माची शिकवण दिली. माघ पौर्णिमेला इथे मोठी यात्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लोक येतात. या यात्रेला 1980च्या दशकात नवे बळ देणाऱ्यांत गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली होते. आपण जिला भटकंती म्हणतो, ती हे लोक पिशवीत शिधा आणि सोबत लेकरे घेऊन श्रद्धेने करतात. गुहेत शिरताना हे ध्यानात ठेवावे: चपला बाहेर आणि आवाज खाली.

हा भाग कित्येक वर्षे नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेला, त्यामुळे पर्यटकांची पावले इकडे कमी वळली. जाण्याआधी वनविभागाकडे चौकशी करावी, गावातला वाटाड्या घ्यावा आणि त्याला योग्य मजुरी द्यावी. पाणी सोबत बाळगावे. या रानांत कुठे काळा, काचेसारखा चकाकणारा जड खडा दिसला तर तो जुन्या भट्टीची मळी असू शकतो. हातात घेऊन पाहावा आणि होता तिथेच ठेवावा, कारण भट्टी नेमकी कुठे पेटत होती हे उद्याच्या अभ्यासकाला त्याच्या जागेवरूनच कळणार आहे.